लोणच्याची काकडी कुरकुरीत हवी, तर आधी वेलीकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन कुंड्यांत काकडीचे दोन वेल आहेत, लोणच्यासाठी म्हणून मुद्दाम लावलेले. वाढ जोमदार आहे, पण काकड्या एकेक करून येतात. काही कडू निघतात, काही आतून पोकळ. साठवत साठवत एक बरणी भरली, मिठाचं पाणी ओतलं आणि पंधरा दिवसांत लोणचं मऊ पडलं. आता बरणीत चुना घालावा की तुरटी, आणि पुढच्या खेपेला कुठलं बियाणं आणावं, असं तुम्ही विचारताय.

चुन्याबद्दल सांगते, पण जरा पुढे. कारण तुमचं लोणचं बिघडलं ते बरणीत नव्हे, बरणी भरायची वाट बघताना. दोन वेलींवर एका दिवशी मिळून तीन-चार काकड्या तोडण्याजोग्या होतात. बरणीला लागतात दहा-बारा. मग पहिल्या तोडलेल्या काकड्या चार दिवस फ्रिजमध्ये पडून राहतात आणि उरलेल्या वेलीवर वाट बघत जून होतात. म्हणजे बरणीत निम्मा माल शिळा आणि निम्मा जून. त्यात चुना घाला नाही तर तुरटी, काकडी आतून खिळखिळी झालेली असेल तर तिला कोणी सावरू शकत नाही.

मी गेली १६ वर्षं घरच्या काकडीचं लोणचं घालते आहे. पहिली तीन वर्षं माझंही हेच होत होतं आणि मीही दर वेळी मसाला बदलून बघायची. फरक पडला तो वेल वाढवल्यावर आणि तोडणीचा हात बदलल्यावर. खाली जे लिहिते आहे त्यातलं बरंच तुमच्या हवेवर, उन्हावर आणि कुंडीच्या आकारावर अवलंबून राहील, म्हणून आकड्यांपेक्षा त्यामागचं कारण लक्षात ठेवा. कारण कळलं की आकडा तुमचा तुम्हाला जुळवता येतो.

आधी बियाण्याचं. काकडीच्या जाती ढोबळमानाने दोन कामांसाठी निवडत आणल्या आहेत. कापून खायची काकडी लांब, सालीने जाड, मधला बियांचा गर पाणचट आणि मोठा. लोणच्याची काकडी आखूड, बसकी, अंगावर गाठी आणि बारीक काटे, साल पातळ, बियांची पोकळी लहान. साल पातळ असल्याने खारं पाणी आत लवकर पोचतं, आणि बियांचा भाग लहान असल्याने आत मऊ पडण्यासारखं फारसं काही नसतं. खायच्या जातीची काकडी अगदी कोवळी तोडून लोणच्यात घालता येते, मी घातलेली आहे. पण तिचा कुरकुरीतपणा महिनाभरात ओसरतो. तेव्हा पाकिटावर 'लोणच्यासाठी' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेच घ्या. 'गर्किन' या नावाने जे मिळतं तेही बहुतेक वेळा साध्या काकडीचीच लहान जात असते. खरी वेस्ट इंडियन गर्किन ही काकडीची बहीण, वेगळीच प्रजाती आहे, तिची फळं गोलसर आणि सगळीकडून काटेरी असतात.

पाकिटावर आणखी एक गोष्ट वाचायची, ती म्हणजे फुलांचा प्रकार. जुन्या जातींत एकाच वेलीवर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात, आणि सुरुवातीचा आठवडा-दहा दिवस फक्त नर फुलंच दिसतात. लोक घाबरतात की फुलं गळून जाताहेत, फळ धरत नाही. ते नर फूल आहे, ते गळायचंच. दुसरा प्रकार जवळजवळ सगळी मादी फुलं देणाऱ्या संकरित जातींचा. यांचं पीक लवकर आणि एकदम येतं, बरणी भरायला हे फार सोयीचं. पण त्यांना परागासाठी नर फुलांचा एखादा वेल शेजारी लागतो. म्हणून कंपन्या पाकिटात नर फुलं देणाऱ्या जातीच्या थोड्या बिया मिसळतात आणि पुष्कळदा त्या वेगळ्या रंगाने रंगवतात. वेगळ्या दिसतात म्हणून त्या खराब समजून टाकू नका, त्यातली एक तरी लावाच. तिसरा प्रकार परागीभवनाशिवाय फळ धरणारा. मधमाश्या फिरकत नसतील अशा उंच गच्चीवर किंवा जाळीच्या आत हा उत्तम. मात्र शेजारी साधी जात असली आणि मधमाशीने तिचे पराग आणले तर याच्या फळात बिया धरतात आणि फळ एका टोकाला फुगतं, म्हणून हे दोन प्रकार जवळ लावू नयेत.

आता वेल किती? एक लिटरच्या बरणीत ८ ते १० सेंटिमीटरच्या साधारण दहा-बारा काकड्या बसतात. ऐन बहरात माझा एक वेल एक दिवसाआडच्या तोडणीला दोन-तीन काकड्या देतो. हिशेब सरळ आहे: एका तोडणीत एक बरणी भरायची तर किमान पाच-सहा वेल हवेत, आणि ते एकाच आठवड्यात पेरलेले हवेत. दोन वेलींवर भागवायचंच असेल तर बरणी लहान घ्या. पाव लिटरच्या बरण्या दोन वेलींच्या तोडणीत भरतात आणि लोणचं ताज्या काकडीचं होतं. जागा कमी असणाऱ्यांना मी हेच सुचवते, आणि ज्यांनी केलं त्यांना ते पटलं आहे.

पेरणीत अवघड असं काही नाही. माती गार असेल तर बी कुजतं. १५ अंश सेल्सिअसच्या खाली ते हलत नाही, २५ ते ३० अंशांना चार-पाच दिवसांत वर येतं. बी २ सेंटिमीटर खोल, शक्यतो कायमच्या जागीच टोचा, कारण काकडीच्या मुळांना उपटून लावलेलं सोसत नाही. रोप करायचंच असेल तर कागदी पेल्यात करून पेल्यासकट लावा. प्रत्येक वेलीला २० लिटरची कुंडी, ती खोलही हवी. दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवं. वेल ताटीवर किंवा जाळीवर चढवा. जमिनीवर पसरू दिलेल्या वेलीवरची काकडी एका बाजूने पिवळी राहते, मातीला टेकून सडते, आणि मुख्य म्हणजे पानांखाली दिसत नाही. खताचा हात आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की पानं हिरवीगार, वेल देखणा, आणि फळ नाही. फुलं दिसेपर्यंत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट पुरतं, फळं धरू लागली की पालाश थोडं वाढवावं.

पाण्यावर मात्र सविस्तर लिहिते, कारण तुमच्या कडू आणि पोकळ काकड्यांचं मूळ बहुधा इथेच आहे.

काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. फळ चार-सहा दिवसांत नखाएवढ्याचं तोडणीयोग्य होतं, म्हणजे या थोड्या दिवसांत वेल त्यात भराभर पाणी ओतत असतो. मधेच एक दिवस कुंडी कोरडी पडली की वाढ थांबते. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन बादल्या ओतल्या की बाहेरचा भाग एकदम फुगतो, आतला मागे राहतो, आणि मधे पोकळी पडते. पोकळीची इतरही कारणं आहेत: परागीभवन अर्धवट होणं, मातीत बोरॉन कमी असणं, तोडलेली काकडी दिवसेंदिवस पडून राहणं. पण कुंडीतल्या काकडीत मला पाण्याचा अनियमितपणा सर्वांत जास्त वेळा सापडला आहे.

कडूपणाही त्याच वाटेने येतो. काकडीच्या पानांत, खोडात कुकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात, कीटकांपासून बचावासाठी. एरवी फळात ती नगण्य असतात. वेलीवर ताण आला, म्हणजे पाण्याची ओढ, कडक उष्णता किंवा अचानक थंडी, की ती फळात उतरतात, जास्त करून देठाकडच्या टोकाला आणि सालीलगत. काही जातींत हा गुण मुळातच कमी असतो, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. 'शेजारी कारल्याचा वेल होता म्हणून काकडी कडू झाली' असं मला अनेकांनी सांगितलं आहे. तसं होत नाही. काकडीचा संकर कारल्याशी किंवा भोपळ्याशी होत नाही, आणि त्या हंगामातल्या फळाची चव शेजारच्या परागावर ठरतही नाही. आणि कडू काकडी लोणच्यात मुरून गोड होईल ही आशाही सोडा. मी घालून बघितलं आहे, कडूपणा खाऱ्या पाण्यात उतरतो आणि बरणीतल्या चांगल्या काकड्यांनाही लागतो. प्रत्येक तोडणीत वेलीगणिक एक काकडी देठाकडून चकती कापून चाखा, मग बाकीच्या बरणीत घाला.

तेव्हा पाणी कसं द्यायचं? रोज ठरावीक मापाने नाही. बोट मातीत दोन पेरं खुपसा. दुसऱ्या पेराला ओल लागत नसेल तर द्या, आणि कुंडीच्या तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत सावकाश द्या. उन्हाच्या दिवसांत मोठ्या वेलीला हे सकाळ-संध्याकाळ करावं लागतं. भर दुपारी पानं माना टाकतात आणि संध्याकाळी सावरतात, ते चालायचंच. सकाळीच पानं मलूल दिसली तर मात्र मुळांना पाणी पुरत नाही, किंवा मुळांना काही रोग लागला आहे. मातीवर वाळल्या पानांचं किंवा पेंढ्याचं चार बोटं आच्छादन घाला, याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही. पाणी मातीत द्या, पानांवर नको. पानं ओली राहिली की केवडा रोग पसरतो. भुरी मात्र कोरड्या हवेतही येते, पानावर पीठ शिंपडल्यासारखे डाग दिसले की ती पानं लगेच काढून टाका.

काही काकड्या एका टोकाला बारीक आणि वाकड्या होत असतील, तर तो परागीभवनाचा प्रश्न आहे. मादी फूल एकच दिवस उमलतं, आणि फळ सरळ, भरीव धरायला त्या एका दिवसात मधमाश्यांच्या आठ-दहा तरी फेऱ्या व्हाव्या लागतात. मधमाश्या कमी असतील तर सकाळी नऊच्या आत हे काम हाताने करा. ज्या फुलामागे बारीक काकडी दिसते, अगदी नखाएवढी, लव असलेली, ती मादी. ज्याच्यामागे नुसता बारीक देठ, तो नर. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे सोला, मधल्या पिवळ्या पुंकेसरावर बोट टेकवलं तर पावडर लागली पाहिजे. तो भाग मादी फुलाच्या मध्यावर, तिन्ही-चारी बाजूंनी, हलकेच टेकवा. एका नर फुलावर दोन-तीन मादी फुलं होतात. दोन दिवसांनी फूल सुकून मागची काकडी लांबली असेल तर धरली. पिवळी पडून गळली तर नाही. आणि फुलं असताना सकाळी कुठलंही कीटकनाशक फवारू नका, कडुनिंबाचं तेलसुद्धा संध्याकाळी मारा.

तोडणी. माझ्या मते लोणच्याचा निम्मा निकाल इथे लागतो.

अख्खी घालायची तर काकडी ५ ते १० सेंटिमीटर, जाडी अंगठ्याएवढी. १२ सेंटिमीटरच्या पुढे गेलेली कापून खा. गरम दिवसांत काल बोटाएवढी दिसलेली काकडी उद्या हाताबाहेर जाते, म्हणून बहरात रोज, निदान एक दिवसाआड वेल बघायचाच. आणि बघायचा म्हणजे प्रत्येक पान उचलून, खालून वर बघायचा. काकडी आणि पानाचा देठ एकाच हिरव्या रंगाचे, समोरून हमखास चुकते. अशी चुकलेली एकच काकडी पिवळी होईपर्यंत वेलीवर राहिली की वेलीचं लक्ष तिच्या बिया पिकवण्याकडे लागतं, नवीन धरलेली बारीक फळं पिवळी पडून गळतात आणि बहर आटतो. 'वेल आता दमला' असं म्हणतात तेव्हा पानांत कुठेतरी एक जून काकडी लपलेली असते. काळ्या काट्यांच्या जाती जून झाल्यावर पिवळ्या-नारिंगी होतात, पांढऱ्या काट्यांच्या फिकट पांढरट. बरणीतला रंगही त्यावर ठरतो, म्हणून उष्ण हवेत मी पांढऱ्या काट्यांची जात लावते.

तोडायचं सकाळी, ऊन चढायच्या आत, कात्रीने, देठाचा लहानसा तुकडा ठेवून. ओढून तोडली तर देठाशी साल फाटते आणि सड तिथूनच सुरू होते. तोडल्यापासून खाऱ्या पाण्यात पडेपर्यंत २४ तासांहून जास्त जाऊ नयेत. त्याच दिवशी घालणं सर्वांत चांगलं. घालायला उशीर होणार असेल तर न धुता, कोरड्या फडक्यात, फ्रिजच्या कमीत कमी गार भागात ठेवा. काकडीला १० अंशांखालची थंडी बाधते, दोन-चार दिवसांत ती पाणथळ होते.

आता स्वयंपाकघरात. गार पाण्यात हाताने चोळून धुवा, काटे निघून जातात. धुताना जी तरंगते ती पोकळ, ती कोशिंबिरीला. मग प्रत्येक काकडीचं फुलाकडचं टोक कापायचं, म्हणजे देठाच्या विरुद्धचं. तिथे वाळलेलं फूल चिकटलेलं असतं किंवा त्याचा लहान तपकिरी ठिपका असतो. त्या टोकात आणि त्या वाळक्या फुलावर वाढणाऱ्या बुरशीत असे विकर (एन्झाइम) असतात की ते काकडीच्या पेशी जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळवतात. पाव सेंटिमीटरहूनही कमी चकती उडवली तरी काम होतं. एका वर्षी एकाच दिवशीच्या, त्याच वेलींच्या काकड्यांच्या दोन बरण्या मी घातल्या, एकीत टोकं कापून, दुसरीत तशीच. खारं पाणी एकच. तीन आठवड्यांनी न कापलेल्या बरणीतली काकडी अंगठ्याने दाबली तर टोकाकडून खोलगट होत होती, दुसरीतली दाताखाली मोडताना आवाज करत होती. त्यानंतर मी एकही काकडी टोक न कापता घातलेली नाही. देठाकडे मात्र तो लहान तुकडा राहिला तर चालतो.

आंबवून करायचं असेल तर एक लिटर पाण्याला ६० ते ७० ग्रॅम मीठ, मीठ साधं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पावडर नसलेलं. त्या पावडरीने पाणी गढूळ दिसतं. काकड्या पाण्याखाली बुडालेल्याच राहिल्या पाहिजेत, वरून लहान वजन ठेवा. जागा २१ ते २४ अंशांची असेल तर तीन-चार आठवड्यांत होतं. २७ अंशांच्या वर गेलं की मऊ पडण्याचा धोका फार वाढतो, त्यामुळे तुमचं पंधरा दिवसांत मऊ पडलं त्यात बरणी कुठे ठेवली होती हेही बघा. वर पांढरी पातळ साय आली तर रोज काढून टाका. काकडी बुळबुळीत झाली, वास बिघडला किंवा रंगीत बुरशी आली तर बरणी टाकून द्या, चाखून बघू नका. व्हिनेगरचं करायचं असेल तर ५ टक्के आम्लतेचं घ्या आणि पाणी त्याच्याहून जास्त घालू नका.

चुना आणि तुरटी. चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनशी बांधलं जातं आणि काकडी घट्ट होते, हे खरं आहे. पण चुना आम्लता मारतो, आणि लोणचं सुरक्षित ठेवते ती आम्लताच. चुन्याच्या पाण्यात भिजवलेली काकडी बरणीत घालण्याआधी निदान तीनदा नव्या पाण्यात तासतासभर भिजवून धुवावी लागते, आणि त्यात कसर राहिली तर धोका आहे. चुना थेट बरणीत तर कधीच घालायचा नाही. कॅल्शियमच हवं असेल तर खाण्याच्या दर्जाचं कॅल्शियम क्लोराइड लिटरला छोटा पाव चमचा घाला, ते आम्लतेला हात लावत नाही. तुरटीची गरज नाही. मी दोन्ही वापरत नाही. द्राक्षाचं पान घालायची पद्धत आहे, त्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य त्या विकरांना थोडं रोखतं, पण टोक कापलं असेल तर तेही लागत नाही.

आता तुमच्या सध्याच्या दोन वेलींचं. आज संध्याकाळी पान न् पान उचलून बघा आणि मोठ्या झालेल्या सगळ्या काकड्या काढून टाका, खायच्या नसल्या तरी. आच्छादन घाला, बोट खुपसून पाणी द्यायला लागा. आठवडा-दहा दिवसांत नवी मादी फुलं दिसू लागली तर वेलीत जीव आहे. मग पाव लिटरच्या दोन बरण्या तयार ठेवा आणि तोडाल त्याच दिवशी घाला. फुलं आलीच नाहीत तर वेल काढा, आणि हवा अजून गरम असेल तर त्याच कुंड्यांत नवी माती भरून, आणखी तीन-चार कुंड्या जोडून, सगळ्यांत एकाच दिवशी बी टोचा. तोडणी पेरणीपासून ५० ते ६० दिवसांत सुरू होते. पाकिटावर जात कुठली आहे ते मला कळवा, फुलांचा प्रकार बघून मधमाश्यांचं काय करायचं ते सांगेन.